रॉबेन बेटाची बोट

परदेशवारी करून परतलेल्या माणसाला आमच्या तलासरीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "काय काय पाहिलंत?" आणि दुसरा, "खाण्यापिण्याचे हाल झाले का हो?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आम्ही उतरलो होतो पुतण्याच्या घरी, आणि सूनबाई नाशिककडची. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेच्या पार टोकाला, केपटाउनला जाऊनही सकाळचे पोहे आणि रात्रीचा वरणभात चुकला नाही. पहिल्या प्रश्नापाशी मात्र मी अडखळतो. सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मेजासारख्या सपाट माथ्याचा टेबल माउंटन आहे, डोंगरउतारावरचे द्राक्षांचे मळे आहेत, वास्को द गामा ज्या भूशिराला वळसा घालून आपल्याकडे आला ते केप ऑफ गुड होप आहे. पण डोळे मिटले की आठवते ती साडेतीन तासांची एक फेरी. बोटीने एका बेटावर गेलो, तिथला तुरुंग पाहिला आणि बोटीने परत आलो. एवढीच हकिगत. पण तिथे एका माणसाने मला जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

आमच्या सौ.ना ही कल्पना मुळीच पसंत नव्हती. "अहो, आठ हजार किलोमीटर विमानानं येऊन तुरुंग कसला बघायचा? तुरुंग काय, ठाण्यालाही आहे!" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. शेवटी पुतण्या मध्ये पडला. "काकू, तुरुंगासाठी नको, बोटीसाठी चला. घारापुरीला जातो तसं समजा." घारापुरीचे नाव निघाल्यावर सौ. विरघळल्या. बोट लागू नये म्हणून पर्समध्ये आवळासुपारी टाकली आणि आम्ही निघालो.

केपटाउनच्या बंदरात जिथून ही बोट सुटते त्या इमारतीला 'नेल्सन मंडेला गेटवे' असे नाव आहे. २००१ साली खुद्द मंडेलांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिकिटे आधी काढून ठेवावी लागतात, आणि काढली तरी बोट सुटेलच असे नाही. वारा चढला की फेरी रद्द. आमच्या नशिबाने त्या दिवशी वाऱ्याने कृपा केली होती. बोट मोठी, बंदिस्त, खुर्च्यांची. प्रवासी सगळ्या जगातले. कोणी कॅमेरे सरसावून बसलेले, कोणी बिस्किटांचे पुडे फोडलेले, शाळकरी मुलांचा एक घोळका गाणी म्हणत होता. थोडक्यात, सहलीचा थाट. धक्क्याच्या फळ्यांवर सील नावाचे गुबगुबीत प्राणी ऊन खात लोळत पडले होते. डच भाषेत या सीलना 'रॉब' म्हणतात. 'रॉबेन बेट' म्हणजे सीलांचे बेट. नाव असे निरागस, आणि तीन शतके त्या बेटाचा धंदा एकच: समाजाला जो माणूस नकोसा होईल त्याला नेऊन टाकण्याची जागा.

याच बंदरात एक नंबरचा जुना धक्का जपून ठेवला आहे. कैद्यांना बेटावर नेत ते तिथून. आणि त्यांच्या बायका, आया भेटीला जात त्याही तिथूनच. बोटीवर गाणी म्हणणाऱ्या मुलांकडे पाहताना मला त्या बायकांची आठवण होत राहिली. सुरुवातीच्या वर्षांत खालच्या वर्गातल्या कैद्याला सहा महिन्यांतून एक भेट आणि एक पत्र मिळे. भेट अर्ध्या तासाची. पत्र पाचशे शब्दांचे. भेटीत संभाषण करायचे ते इंग्रजीत नाही तर आफ्रिकान्स भाषेत, कारण पहाऱ्यावरच्या शिपायाला ते कळले पाहिजे. खोसा, झुलू या त्यांच्या स्वतःच्या बोलींना मनाई. शेकडो मैलांवरून, खेड्यातून आलेल्या म्हातारीला इंग्रजी कुठून येणार? म्हणजे आईने मुलाकडे अर्धा तास नुसते पाहायचे आणि परतीच्या बोटीत बसायचे! भाषा शिकवण्यात ज्याचे आयुष्य चालले आहे अशा माझ्यासारख्या माणसाला, या एका नियमाने त्या तुरुंगाची जेवढी ओळख करून दिली, तेवढी पुढे पाहिलेल्या गजांनी आणि कुलपांनीही दिली नाही.

बंदरापासून बेट सुमारे ११ किलोमीटर. पाऊण तासाचा प्रवास. बोट जसजशी आत जाते तसतसे शहर लहान होत जाते. टेबल माउंटन मात्र लहान होत नाही. हजार मीटरांहून उंच असा तो डोंगर बेटावर उतरल्यावरही समोर तसाच उभा. म्हणजे अठरा-अठरा वर्षे ज्यांनी इथे काढली त्यांना आपले घर, आपला देश रोज दिसत असे. दिसे, पण मध्ये हे थंडगार पाणी. आपल्याकडल्या काळ्या पाण्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की अंदमानातून मुंबई दिसत नव्हती. दिसणे बरे की न दिसणे बरे, याचा निवाडा मला त्या दिवशी करता आला नाही आणि आजही करता येत नाही.

बेट तसे लहान, क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास. सपाट, झुडपांचे, वाऱ्याने झोडपलेले. किनाऱ्यावर चक्क पेंग्विन फिरताना दिसतात. उतरल्यावर एका बसमध्ये बसवून आधी बेट दाखवतात आणि मग तुरुंग.

बसमधल्या बाईंनी सांगितलेला इतिहास मी टिपून घेतला. १६५२ साली यान व्हान रीबेक या डच अधिकाऱ्याने केपटाउनची वसाहत घातली. सहा वर्षांनी, १६५८ साली, ऑत्शुमाटो नावाच्या एका स्थानिक माणसाला त्याने या बेटावर हद्दपार केले. हा ऑत्शुमाटो कोण? गोऱ्यांचा दुभाषी! दोन समाजांच्या मध्ये उभा राहून एकाचे शब्द दुसऱ्याला समजावून सांगणारा माणूस. पुढच्याच वर्षी एका गळक्या होडीतून तो निसटला. पुढे जावा-सुमात्राकडले मुसलमान धर्मगुरू आणि सरदार आले. त्यांतल्या एकाचा दर्गा आजही तुरुंगाच्या जवळच उभा आहे. इंग्रजांशी लढलेला खोसा पुढारी माखांडा आला. १८२० साली होडीतून पळताना तो बुडाला. मग १८४६ पासून १९३१ पर्यंत इथे महारोग्यांची वस्ती होती. आणि १९६१ पासून १९९१ पर्यंत, काळ्यागोऱ्यांना कायद्याने वेगळे ठेवणाऱ्या सरकारशी भांडणारे राजबंदी.

बस एका लहानशा बैठ्या घरापाशी थांबली. रॉबर्ट सोबुक्वे यांचे हे घर. वाचकांपैकी फार थोड्यांना हे नाव ठाऊक असेल. मलाही ठाऊक नव्हते. सोबुक्वे जोहान्सबर्गच्या विद्यापीठात झुलू भाषा शिकवीत. म्हणजे आमच्याच पेशातले! काळ्या माणसाला जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासाविरुद्ध त्यांनी १९६० साली चळवळ पुकारली. २१ मार्चला शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला, ६९ माणसे मेली. सोबुक्वेंना तीन वर्षांची शिक्षा झाली. ती संपली तेव्हा सरकारने त्यांच्या एकट्यासाठी कायद्यात नवे कलम घातले आणि १९६३ पासून १९६९ पर्यंत त्यांना या घरात एकटे ठेवले. शिक्षा नाही, खटला नाही; पण सुटकाही नाही. दुसऱ्या कैद्यांशी बोलण्याची बंदी. घराशेजारून कैद्यांची रांग कामाला जाई तेव्हा ते खाली वाकून मूठभर माती उचलीत आणि बोटांतून सोडून देत, असे सांगतात. आपण सगळे या मातीचीच लेकरे, असा त्याचा अर्थ. शब्द काढून घेतल्यावर भाषेच्या अध्यापकाने मातीचीच भाषा केली. सौ. आतापर्यंत खिडकीतून पेंग्विन शोधत होत्या. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सहा वर्षं बोलू दिलं नाही तर काय होईल हो?" मी काही बोललो नाही.

पुढचा थांबा चुनखडीच्या खाणीचा. पांढरीशुभ्र खाण, उन्हात डोळे उघडवत नाहीत. मंडेला आणि त्यांच्या सोबत्यांना इथे कुदळफावडे देऊन आणले तेव्हा काम सहा महिन्यांचे असल्याचे सांगितले होते. ते तेरा वर्षे चालले. पांढऱ्या दगडावरून उसळणाऱ्या उन्हाने आणि चुन्याच्या धुळीने मंडेलांचे डोळे कायमचे अधू झाले. काळे चष्मे मिळावेत म्हणून अर्जविनंत्या करण्यात जवळजवळ तीन वर्षे गेली. खाणीच्या कडेला एक लहानशी गुहा आहे. जेवायला बसायची जागा तीच, आणि बहिर्दिशेची जागाही तीच. आणि तरी तिथेच शाळा भरे! ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे. अक्षरओळख नसलेल्याला अक्षरे, पदवीधराला इतिहास आणि राज्यशास्त्र. मंडेलांनी तर आपल्या तुरुंगरक्षकांची आफ्रिकान्स भाषा नेटाने शिकून घेतली. ज्याच्याशी एक दिवस तडजोडीच्या वाटाघाटी करायच्या आहेत त्याची भाषा आपल्याला आलीच पाहिजे, हा हिशेब.

खाणीच्या तोंडाशी लहानमोठ्या दगडांचा एक ढीग आहे. गाइड बाईंनी सांगितले नसते तर मी त्याच्याकडे पाहिलेही नसते. १९९५ साली सुटून गेलेल्या राजबंद्यांचा इथे मेळावा भरला. मंडेला तोवर राष्ट्राध्यक्ष झाले होते. परत जाताना त्यांनी जमिनीवरचा एक दगड उचलून बाजूला ठेवला. त्यांच्या मागून दुसऱ्याने एक ठेवला, मग तिसऱ्याने. असे करता करता ढीग झाला. कोणी शिल्पकार बोलावला नाही, कोनशिला बसवली नाही, पाहुण्यांची नावे कोरली नाहीत. त्या बेटावरचे मला सर्वांत आवडलेले स्मारक हेच.

तुरुंगाच्या दाराशी आमचा ताबा दुसऱ्या माणसाकडे गेला. साठी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला गृहस्थ. साध्या आवाजात त्याने सांगितले, "मी इथे कैदी होतो." एवढ्या एका वाक्याने गाणी म्हणणारी मुले गप्प झाली. या तुरुंगाचे संग्रहालय १९९७ साली झाले आणि १९९९ साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारशात स्थान दिले. पण त्या संग्रहालयाची खरी श्रीमंती अशी, की तुरुंगाच्या आतली वाट दाखवायला तिथे शिक्षा भोगलेली माणसे आहेत.

त्याने आम्हाला एका लांबट बराकीत बाकांवर बसवले आणि भिंतीवरचा एक तक्ता दाखवला. कैद्यांच्या जेवणाचा तक्ता. त्यात दोन रकाने: एक मिश्रवर्णी आणि आशियाई कैद्यांचा, दुसरा काळ्या कैद्यांचा. पहिल्या रकान्यात पाव आहे, मुरंबा आहे, दुसऱ्यात नाही. कपड्यांतही तोच न्याय. हिंदी वंशाच्या कैद्याला लांब विजार आणि मोजे. काळ्या कैद्याला, मग तो पन्नाशीचा मंडेला का असेना, पोरासारखी अर्धी चड्डी. मंडेलांबरोबर १९६४ साली जन्मठेपेची शिक्षा झालेल्यांत अहमद कथ्राडा नावाचे एक हिंदी वंशाचे गृहस्थ होते. त्यांचे आईवडील सुरतेकडले. आमच्या तलासरीवरून जो महामार्ग जातो त्यावर चार तालुके ओलांडले की सुरत येते, म्हणजे कथ्राडा एका परीने आमचे शेजारीच! आपल्याला लांब विजार आणि मंडेलांना अर्धी चड्डी, हे त्या पस्तिशीच्या आतल्या तरुणाला सोसेना; ती विजार नाकारण्याचे त्यांच्या मनात आले. तेव्हा वडीलधाऱ्या सोबत्यांनी त्यांना समजावले, की मिळालेले सोडून सगळ्यांनी खाली यायचे नाही. सगळ्यांना वर आणण्यासाठी भांडायचे. आणि ते भांडले. वर्षानुवर्षे अर्ज, उपास, वाटाघाटी करून कपडे आणि जेवण हळूहळू एकसारखे करून घेतले.

भेटीच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. लहान मुलांना भेटीला आणण्याची बंदी. सोळा वर्षांच्या आतली मुले या धक्क्यावर उतरत नसत. त्यामुळे कित्येक कैद्यांना वर्षानुवर्षे लहान मूल म्हणून दिसले नाही. कथ्राडांनी पुढे लिहिले आहे की तुरुंगात आपल्याला सर्वांत जास्त उणीव भासली ती मुलांची. हे ऐकून सौ.नी पदराने डोळे टिपले. मंडेलांची आई १९६८ साली वारली आणि थोरला मुलगा १९६९ साली अपघातात गेला. दोन्ही वेळा त्यांना अंत्यविधीला जाऊ दिले नाही.

मग आम्ही ती कोठडी पाहिली. सगळे जग जी पाहायला येते ती. लांबी आठेक फूट, रुंदी सात. जमिनीवर घडी घातलेली पांघरुणे, एक लहानसे मेज, एक झाकणाची बादली. मंडेलांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या कारावासातली अठरा वर्षे या बेटावर काढली. गजांतून आत पाहायला प्रत्येकाला अर्धे मिनिट मिळते, कारण मागे रांग असते. माझ्या मागच्या माणसाने आपल्या बायकोचा त्या गजांपाशी हसरा फोटो काढला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपणही शिवनेरीवर तेच करतो.

आता दिवाळी अंकात सांगितलीच पाहिजे अशी एक गोष्ट. सनी वेंकटरत्नम हे दरबानचे राजबंदी सत्तरीच्या दशकात इथे होते. त्यांच्या पत्नीने त्यांना शेक्सपियरच्या समग्र नाटकांचा एक जाडजूड ग्रंथ पाठवला होता. पण पुस्तके केव्हा जप्त होतील याचा नेम नसे. फक्त धर्मग्रंथ तेवढे ठेवू देत. त्या वर्षी घरून दिवाळीची शुभेच्छापत्रे आली, आपल्याकडे असतात तशी देवादिकांच्या रंगीत चित्रांची. वेंकटरत्नमनी ती शेक्सपियरच्या मुखपृष्ठावर चिकटवली आणि पहारेकऱ्याला सांगितले, हा माझा धर्मग्रंथ! पहारेकऱ्याने देवांची चित्रे पाहिली आणि ग्रंथ सोडून दिला. मग तो गुपचूप कोठडीकोठडीतून फिरला. प्रत्येकाने आपल्याला आवडलेल्या उताऱ्यापाशी सही करायची. तीसहून अधिक जणांनी सह्या केल्या. मंडेलांनी १६ डिसेंबर १९७७ रोजी 'ज्युलियस सीझर'मध्ये, मृत्यूच्या भीतीविषयी सीझर बोलतो त्या ओळींपाशी सही केली. बिली नायर यांनी निवडला 'टेंपेस्ट'मधला कॅलिबन, ज्याचे बेट परक्याने बळकावले आहे आणि जो ते आपले असल्याचे ठणकावून सांगतो. हा ग्रंथ २०१२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रदर्शनात मांडला गेला. लक्ष्मीच्या चित्राआड शेक्सपियर, आणि शेक्सपियरच्या आड आपल्या मनातले सांगणारे तीस-बत्तीस कैदी! अंदमानच्या भिंतींवर काट्याखिळ्याने कविता लिहिणाऱ्या सावरकरांचे वारसदार आपण. आपल्याला याचे मोल कोणी वेगळे सांगायला नको.

फेरी संपली. लोक पेंग्विनच्या खेळण्यांच्या दुकानाकडे पांगले. मी आमच्या वाटाड्यापाशी रेंगाळलो आणि मनातला प्रश्न विचारलाच. "ज्या जागेत इतके हाल सोसले तिथे रोज परत येणे तुम्हाला कसे जमते?"

तो हसला. म्हणाला, "सुरुवातीला पगारासाठी आलो. तुरुंगातून सुटलेल्याला बाहेर नोकरी कोण देतो? पहिले वर्ष फार वाईट गेले. रात्री झोप येत नसे. मग एकदा एका शाळेतल्या मुलीने विचारले, 'हे खरंच झालं होतं का?' तेव्हा वाटले, मी गेल्यावर तिला कोण सांगणार?"

मग त्याने माझी चौकशी केली. मुंबई आणि सुरत यांच्या मध्ये आमचे गाव, असे मी सांगितले. कथ्राडांमुळे सुरत त्याला ठाऊक होती. मला जरा चेव आला. मी म्हटले, आमच्याकडेही गुलामगिरी होती आणि आमच्या आदिवासींनी ती १९४५ साली, म्हणजे तुमच्या जन्माच्याही आधी, मोडून काढली. त्याने सगळे मन लावून ऐकले आणि विचारले, "तिथे आलेल्या माणसाला ही हकिगत कोण सांगतो?"

मी म्हटले, "त्यावर एक फार चांगले पुस्तक आहे."

"पुस्तक आहे, ठीक. पण सांगतो कोण?"

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला आणि मी सुटलो.

परतीच्या वाटेवर वारा उठला होता. बोट हेलकावे खात होती, सौ. आवळासुपारी चघळत डोळे मिटून बसल्या होत्या. मी मात्र त्या पाण्यावर तलासरीला पोचलो होतो.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी तलासरी पाहिली असेल ती मोटारीच्या काचेतून. मुंबईहून अहमदाबादेकडे जाताना गुजरातच्या हद्दीआधीचे शेवटचे गाव-शहर. डहाणूचे चिकू आणि वारल्यांची पांढऱ्या रंगातली चित्रे तुमच्या घरी पोचली असतील. पण या मुलखात वारली माणूस सावकाराच्या आणि जमीनदाराच्या शेतावर वेठीला राबत असे. लग्नासाठी कर्ज काढले की तो आणि त्याची बायको त्या कर्जापायी धन्याचे बांधील होत. अशा माणसाला इथे शब्दच होता: 'लग्नगडी'. लग्नासारख्या मंगल शब्दाला गुलामीचा अर्थ चिकटवणारा दुसरा शब्द मराठीत मला ठाऊक नाही. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेचे काम घेऊन इथे आले. २३ मे १९४५ रोजी तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद भरली, आणि मोबदल्यावाचून वेठ करायची नाही असे ठरले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले. त्यांत पहिला जेठ्या गांगड. पण वेठ आणि लग्नगडी या प्रथा गेल्या त्या गेल्याच. ही सारी हकिगत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मी घाटावरून इथे येऊन पंधरा वर्षे झाली. हे पुस्तक मी वर्गात शिकवले आहे. कसे शिकवले? लेखिकेचा परिचय, शैलीची वैशिष्ट्ये, शीर्षकाची समर्पकता. प्रश्न आठ गुणांचा. समोर बसलेली मुले त्याच लग्नगड्यांची पणतवंडे होती, हे मला माहीत होते. पण तुमच्या घरात काय सांगतात, असे मी त्यांना एकदाही विचारले नाही. दर १० ऑक्टोबरला हुतात्म्यांच्या स्मरणासाठी लाल झेंडे घेऊन माणसे जमतात ती मी पाहिली, आणि ते एका पक्षाचे काम म्हणून बाजूने निघून गेलो. झरी आमच्याच तालुक्यात. मी झरीला एकदा गेलो होतो, निवडणुकीच्या कामावर. परदेशातले स्मारक पाहायला मात्र समुद्र ओलांडून गेलो.

आणि भाषेचे काय? त्या बेटावर आईला मुलाशी खोसात बोलू देत नसत म्हणून मला चीड आली. पण माझ्या वर्गात पहिल्या वर्षाचा एखादा मुलगा वारलीत उत्तर देऊ लागला की मी काय म्हणतो? "शुद्ध बोल." मुलगा खाली बसतो आणि मग वर्षभर बोलत नाही. मी कोणावर गज लावलेले नाहीत, हे खरे. पण त्याचे बोलणे बंद झाले, हेही खरे.

स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन झाल्यावर मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक काम दिले. गणपतीच्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसायचे. वेठीविषयी, कर्जाविषयी, त्या ऑक्टोबराविषयी त्यांनी काय पाहिले किंवा आपल्या आईबापांकडून काय ऐकले ते विचारायचे, आणि ते ज्या शब्दांत सांगतील त्याच शब्दांत उतरवून आणायचे. वारलीत सांगितले तर वारलीत. गुण नाहीत. गुण नाहीत म्हटल्यावर कोणी काही आणणार नाही अशी माझी अटकळ होती. चाळीस मुलांतल्या तेवीस जणांनी कागद आणले.

मी ते एका रात्रीत वाचले. एकीच्या पणजोबांचे लग्न लागले आणि दुसऱ्या दिवशी नवराबायको धन्याच्या खळ्यावर कामाला उभी राहिली. अंगाची हळद तिथल्या भुशात गेली. एकाच्या आजोबांनी सांगितले की बाई आमच्या घरात आमच्यासारखी जमिनीवर बसून जेवली, हे पाहायला सगळा पाडा जमला होता. 'बाई' म्हणजे गोदावरीबाई. पुस्तकातली लेखिका माझ्या तेवीस कागदांतून अशी निराळ्याच वाटेने चालत आली. कित्येक शब्द मला कळले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते विचारले आणि मुलांनी मला शिकवले. जो मुलगा वर्षभर गप्प बसला होता तो त्या दिवशी सर्वांत जास्त बोलला. माझी लाल शाईची पेन्सिल टेबलावरच राहिली.

एक कागद मात्र जवळजवळ कोरा होता. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाचा. त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या. 'आजीला ठाऊक होते. ती लावणीच्या दिवसांत वारली.'

लावणी म्हणजे आषाढ. मी काम दिले श्रावणात. बेटावरून आलो मे महिन्यात. मधले अडीच महिने मी काय करीत होतो? केपटाउनचे फोटो लोकांना दाखवत होतो.

त्या मुलाला मी घरी बोलावले. सौ.नी त्याच्यापुढे चहा आणि चिवडा ठेवला. म्हटले, "अरे, आजी काय काय सांगायची त्यातले तुला जेवढे आठवते तेवढे तरी सांग." तो आधी लाजला. मग हळूहळू, आपल्या भाषेत, सांगू लागला. अर्धेमुर्धे होते, मध्येच तुटत होते. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जाताना तो म्हणाला, "सर, माझ्या आजीची धाकटी बहीण आहे. झरीकडं दिलेली. तिला विचारू?"

या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे झरीला जाणार आहोत. तिथे बोट नाही, तिकीट नाही, एस.टी. मिळाली तर एस.टी.ने, नाही तर चालत. म्हातारी काय सांगेल, तिला काय आठवत असेल, मला ठाऊक नाही. तुमच्या घरातही फराळाच्या ताटाशी कोणीतरी म्हातारे माणूस बसलेले असेल. आमची वाट पाहू नका. त्यांना आजच विचारा.